बिनमथळ्याचा रकाना

प्रथमोपचाराच्या पेटीत एकशे सदतीस वस्तू होत्या. पट्ट्यांची चार भेंडोळी, गंजलेली एक कात्री, आयोडिनची एक बाटली आणि अंगदुखीच्या दहा गोळ्या. इथपर्यंत सोळा. उरलेल्या एकशे एकवीस वस्तू प्रतिजैविकं होती. पांढऱ्या गोळ्या एकसष्ट, पिवळ्या कॅप्सूल अडतीस, गुलाबी गोळ्या बावीस. कापलं तर लावायला मलम नव्हतं.

मी दोनदा मोजलं. पेटी एका ट्रक कंपनीच्या वर्कशॉपमध्ये भिंतीला लावलेली होती. तिथे बावीस गाड्या दुरुस्त होत आणि दिवसाला निदान एकाचं तरी बोट कापत असे. तसं कापलेलं बोट कापडाच्या चिंधीत गुंडाळून एक फिटर माझ्यासमोरच नट आवळत होता. त्याला विचारलं, "पेटीतलं काही लावलं नाही?"

"पेटी मोठ्या आजारासाठी आहे," तो म्हणाला.

पेटीखाली जमिनीवर एक उभा पंखा होता. त्याचा एक पाय लंगडा होता, म्हणून त्याखाली पुठ्ठ्याचं खोकं सरकवलेलं होतं. खोक्यात एकशे चव्वेचाळीस कंडोम होते. आमच्याच दवाखान्याने दोन वर्षांपूर्वी फुकट दिलेले. सील शाबूत होतं, मुदत संपून अकरा महिने झाले होते. वापर होत नव्हता असं म्हणता येणार नाही. पंखा अगदी सरळ उभा होता.

मी त्या दवाखान्याच्या मागच्या खोलीत, लॅबमध्ये काम करते. वर्कशॉपची पेटी दर सहा महिन्यांनी तपासायची असा कंपनीशी करार आहे, त्या निमित्ताने मी गेले होते. पण खरं काम पेटीचं नव्हतं. खरं काम एका बाईचं होतं.

ती सीट कव्हर शिवायची. घरीच मशीन होतं. याच कंपनीच्या गाड्यांची कव्हरं तिच्याकडे येत, कारण तिचा नवरा याच कंपनीत ड्रायव्हर होता. आठवा महिना सरला होता. दिवस भरायला बावीस दिवस उरले होते. तिला गोनोरिया झाला होता, ज्याला जुनी माणसं परमा म्हणतात. डॉक्टरीणबाईंनी गोळ्या दिल्या, नवऱ्यालाही दिल्या. तीन आठवड्यांनी मी पुन्हा तिचा नमुना लॅबच्या वाटीत वाढवायला लावला, आणि तेच जंतू, तितक्याच उत्साहाने उगवले.

डॉक्टरीणबाईंनी तिला नीट सांगितलं होतं. बाळ बाहेर येताना जंतू वाटेत असतील तर ते बाळाच्या डोळ्यांत जातात, आणि वेळेत आवरले नाहीत तर डोळे जातात. त्यानंतर ती प्रत्येक वेळी एकच प्रश्न विचारायची. "गेले का?"

"दोनच शक्यता आहेत," डॉक्टरीणबाई मला म्हणाल्या. "एक तर गोळी हरली, नाही तर घरातून परत आलं."

तिसरा धागा सासूबाईंनी दिला. त्या सुनेबरोबर येत आणि बाहेरच्या बाकावर बसून सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या हळू आवाजात बोलत. "माझ्या मुलाचं नाव घेऊ नका हो. तो लहानपणापासून तब्येतीला जपणारा. प्रत्येक खेपेला निघायच्या आधी गोळी घेतो, आल्यावर पुन्हा घेतो. एवढा काळजीवाला मुलगा शोधून सापडायचा नाही."

डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं. "कसली गोळी, मावशी?"

"ते मला काय माहीत? वर्कशॉपमध्ये देतात."

म्हणून सोमवारी सकाळी मी पेटीपुढे उभी होते.

वर्कशॉपचा कारभार उस्तादांकडे होता. पन्नाशी ओलांडलेला माणूस, बोलणं मऊ, नखं काळी. इंजिनाला कान लावून कुठला व्हॉल्व्ह रुसलाय ते सांगायचा अशी ख्याती. त्यांच्या टेबलामागे भिंतभर काळा फळा होता. बावीस ओळी, सात रकाने. तेल, ग्रीस, ब्रेक, हवा, बॅटरी, बेल्ट. सातव्या रकान्याला मथळा नव्हता, पण बरोबरच्या खुणा सगळ्यात जास्त त्यातच होत्या. मी मोजल्या. चालू महिन्यात एकशे नऊ.

"उस्ताद, हा शेवटचा रकाना कशाचा?"

"तो होय? तो असाच."

"असाच रकाना एकशे नऊ वेळा भरलाय."

उस्तादांनी चहा मागवला. ज्याला उत्तर द्यायचं नसतं तो चहा मागवतो, आणि ज्याला द्यायचंच असतं तोही. तोवर मुनी आणि किलोमीटर येऊन टायरवर टेकले. मुनी हा ड्रायव्हर झोपेतसुद्धा गप्प बसत नसे म्हणून त्याचं नाव मुनी. किलोमीटर हा माझ्या पेशंटचा नवरा. कुठलंही गाव कुठूनही किती लांब हे त्याला तोंडपाठ. मी कोण आणि त्याच्या बायकोचं काय, हे त्याला ठाऊक होतं. तो चहाच्या ग्लासात पाहत बसला.

"ताई, तुम्ही शिकलेल्या," उस्ताद म्हणाले, "म्हणून सांगतो. बिघडल्यावर जो दुरुस्त करतो तो फिटर. बिघडायच्या आधी जो करतो तो उस्ताद. गाडी लांबच्या खेपेला निघाली की आपण तेल बघतो, हवा बघतो. मग माणसाने काय पाप केलंय? निघताना एक गोळी, परतल्यावर एक. दर चार महिन्यांनी रंग बदलायचा, इंजिनला सवय लागू नये म्हणून. चार वर्षं झाली. एक गाडी रस्त्यात बंद पडली नाही, एक माणूस बंद पडला नाही."

"आणि लघवीची जळजळ?"

"जळजळ वेगळी," मुनी म्हणाला. "ती सगळ्यांनाच असते."

"पूर्ण कोर्स असतो पाच-सात दिवसांचा. एकेका गोळीने जंतू मरत नाहीत, शहाणे होतात."

"पूर्ण कोर्स आजारी माणसाने घ्यायचा," उस्ताद समजुतीने म्हणाले. "आम्ही आजारी नाही."

मी पंख्याखालच्या खोक्याकडे बोट दाखवलं. "मग ते का नाही वापरत?"

तिघांनीही असं पाहिलं की जणू मी कोणाच्या तरी आईबद्दल बोलले. मुनीने जबाबदारी घेतली. "मॅडम, ते म्हणजे समोरच्यावर अविश्वास. माणसाला वाईट वाटतं. गोळी कशी, आपली आपण गुपचूप घेतो, कोणाचं मन दुखत नाही."

"आणि आमच्या गाड्या आता ट्यूबलेस आहेत," उस्ताद म्हणाले, आणि आपण कोणापुढे बोललो ते लक्षात येऊन जोरात खोकले.

डॉक्टरीणबाईंनी मला एक छापील फॉर्म दिला होता. नाव लिहायचं नाही, फक्त आठ प्रश्न. तिसरा प्रश्न असा होता : गेल्या तीन महिन्यांत किती जणांशी शरीरसंबंध आला? मी मुनीला विचारला, कारण तो तरी बोलेल.

"शून्य," मुनी म्हणाला. "लिहा."

मी शून्य लिहिलं.

"म्हणजे बायको सोडून ना?"

"बायको धरून."

"मग एक." मी खोडून एक लिहिलं. तो जरा वाकून फॉर्ममध्ये पाहू लागला. "घाटाच्या पलीकडचंही धरायचं का?"

"घाटाने काय फरक पडतो?"

"नाही, तिकडे मी वेगळा माणूस असतो. बरं, धरा. तिथे एक आहे, पण ती ओळखीची आहे. सहा वर्षांची ओळख. तिला बाहेरची म्हणता येणार नाही."

"दोन."

"बंदरावर माल उतरवायला तीन दिवस लागतात, मॅडम. तिथली मी मोजत नाही, कारण तिथे सगळेच जातात."

"सगळे गेले म्हणून तुम्ही एकटे वगळले जात नाही. तिथल्या किती?"

त्याने बोटं मोजली. मोजताना ओठ हलत होते आणि चेहऱ्यावर प्रामाणिक कष्ट दिसत होते. "चार. शिवाय एक, त्याचा चेहरा नीट आठवत नाही, पण माणूस चांगला होता."

"माणूस?"

मुनी पहिल्यांदा गप्प झाला. साधारण चार सेकंद. मग म्हणाला, "ते तर मोजायचंच नसतं ना? बाईमाणूस नसेल तर त्यात कसला रोग? ती नुसती दोस्ती."

"तेही मोजायचं."

"मग सात लिहा. दोनात चार मिळवले की... नाही. थांबा, तुम्हीच करा. तुमचा विषय आहे."

शून्यापासून सातापर्यंत यायला अकरा मिनिटं लागली. त्या दिवशी मी पाच ड्रायव्हरांचे फॉर्म भरले. सुरुवातीच्या उत्तरांची बेरीज दोन होती. व्याख्या स्पष्ट केल्यावर ती एकतीस झाली. पाचही जणांनी शेवटी जवळजवळ एकाच शब्दांत सांगितलं की आपण त्यातले नाही, त्यातले दुसरे आहेत, आणि नावं पाहिजेत तर देतो. आपलं ठेवायचं झाकून, दुसऱ्याचं पाहायचं वाकून, ही म्हण मी शाळेत लिहिली होती. मोजून पाहायची संधी पहिल्यांदा मिळत होती.

किलोमीटरने फॉर्म भरला नाही. तो माझ्यामागून फाटकापर्यंत आला.

"ताई, तिचं कसं आहे?"

"जंतू तसेच आहेत. तुम्हाला दिलेल्या चौदा कॅप्सूल तुम्ही सगळ्या घेतल्या होत्या?"

"घेतल्या की."

"पेटीत अडतीस आहेत. त्यातल्या बारा आमच्या दवाखान्याच्या पुडीतल्या आहेत. पुडीवर माझं अक्षर आहे."

त्याने मान खाली घातली. "दोन घेतल्या, बरं वाटलं. मग वाटलं बाकीच्या फुकट कशाला घालवा? दोस्तांना उपयोगी पडतील."

तो खोटं बोलत नव्हता. या माणसांनी एकमेकांसाठी खरंच काहीही केलं असतं. डबा वाटून खाल्ला असता, रक्त दिलं असतं, अपघातात गाडीखाली शिरून ओढून काढलं असतं. औषधही ते वाटून घेत होते, आणि त्या औषधाला सरावलेले जंतूही.

दुपारी मी डॉक्टरीणबाईंना सगळे आकडे सांगितले. त्यांनी चष्मा काढून डोळे चोळले. "आजार म्हशीला नि इंजेक्शन पखालीला म्हणतात, ते ऐकलं होतं. इथे म्हशीला आजार देऊन पखाल रोज औषध पितेय." मग त्यांनी शिवणवालीला बोलावून इंजेक्शन दिलं. या आजारावर आमच्याकडे असलेलं ते शेवटचं औषध होतं. ते चाललं नाही तर मोठ्या हॉस्पिटलात भरती करायचं आणि बाळाच्या डोळ्यांवर जन्माच्या क्षणापासून पहारा ठेवायचा, एवढंच हातात होतं.

"गेले का?" तिने दंड चोळत विचारलं.

"बुधवारी संध्याकाळी चारला कळेल," मी म्हटलं, आणि का ते समजावलं. तिच्या नमुन्यातले जंतू मी एका सपाट वाटीत सगळीकडे सारखे पसरणार होते. त्यावर चार औषधांच्या चार कागदी चकत्या ठेवायच्या. चकतीचा व्यास सहा मिलिमीटर. वाटी उबेत ठेवायची. औषध चाललं तर चकतीभोवती जंतू वाढत नाहीत, एक स्वच्छ गोल दिसतो, तो आरपार मोजायचा. औषध अजिबात चाललं नाही तर गोल नसतो, नुसती चकती मोजली जाते. सहा.

"आणि चांगलं म्हणजे किती?"

"या इंजेक्शनला पस्तीस हवेत."

ती हसली. तिला हसताना मी पहिल्यांदा पाहिलं. "शाळेत पण पस्तीसच लागायचे पास व्हायला."

मंगळवारी मी वाटी लावली. हे जंतू लाडावलेले असतात. त्यांना शिजवलेल्या रक्ताचं खाणं लागतं, छत्तीस अंशांच्या आतली ऊब लागते, आणि हवा कोंदट लागते. त्यासाठी आम्ही बरणीत वाट्या ठेवून वर मेणबत्ती पेटवतो आणि झाकण लावतो. ज्योत हवा खाऊन आपोआप विझते. चार वर्षं गोळ्या खाऊन जगलेले हे जंतू जरा थंडी लागली तर मरतात, हे मला नेहमी विचित्र वाटतं.

बुधवारी सकाळी मी वर्कशॉपला गेले, नमुन्यांच्या सव्वीस नळ्या घेऊन. ड्रायव्हर सव्वीस होते. त्या दिवशी हजर एकोणीस. डॉक्टरीणबाईंनी मालकाला फोन केला होता, मालकाने उस्तादांना, आणि उस्तादांनी सगळ्यांना ओळीत उभं केलं होतं. पहिला म्हणाला, "आधी त्याचं घ्या." दुसरा म्हणाला, "मला काही नाही, मी फक्त घरचं जेवतो." त्याने जेवणाची उपमा का वापरली ते मी विचारलं नाही. तिसऱ्याची गाडी अचानक गरम झाली होती. अर्ध्या तासात माझ्याकडे शून्य नमुने जमले.

तेवढ्यात फाटकातून शिवणवाली आली. खांद्यावर कव्हरांचं गाठोडं, गळ्यात मापाची पट्टी.

ओळ क्षणात मोडली. "वहिनी!" मुनी धावला. "अशा दिवसांत ओझं उचलायचं? आम्ही काय मेलो होतो? कोणी स्टूल आणा रे! पंखा लावा!" स्टूल आलं, पाणी आलं, पंखा तिच्याकडे वळवला गेला. एकाने तिच्या पायाखाली जुनी गादी सरकवली. किलोमीटर इंजिनाच्या आडून पाहत होता.

ती पाणी प्यायली. मग फळ्याकडे बघून विचारलं, "उस्ताद, तो सातवा रकाना कशाचा?"

"काही नाही सूनबाई, तो असाच."

"ह्यांच्या गाडीपुढे सहा खुणा आहेत. या महिन्यात ह्यांच्या तीन खेपा झाल्या. धुवायच्या शर्टांच्या खिशातून गोळीची सहा रिकामी वेष्टनं निघाली. मी कापड मापून पोट भरते हो उस्ताद, सहाला सहा जुळलेलं मला कळतं."

उस्तादांनी चहा मागवायला तोंड उघडलं.

"चहा नको," ती म्हणाली. "रकान्याला नाव का नाही दिलं? बाकी सगळ्यांना आहे. बेल्टलासुद्धा आहे."

"नाव काय द्यायचं, सूनबाई? बरं दिसत नाही. बायकामाणसं येतात इथे."

"मी एकटीच येते इथे."

ती उठली, टेबलाला धरून फळ्यापाशी गेली आणि खडू घेतला. सातव्या रकान्याच्या डोक्यावर तिने लिहिलं. अक्षर सुबक होतं, टाक्यांसारखं एकसारखं. 'बायकोला सांगितलं?'

मग तिने पदराने एकशे नऊ खुणा पुसल्या. सगळ्या पुसायला बराच वेळ लागला. मधे एकदा दम खायला थांबली तेव्हा मुनीने सवयीने मदतीला हात पुढे केला आणि मागे घेतला.

"आता भरा," ती म्हणाली. "रोज भरता ना? भरा."

"वहिनी," मुनी घसा खाकरून म्हणाला, "हे मेंटेनन्समध्ये येत नाही."

"का? गाडी तुमची, इंजिन तुमचं, आणि खड्ड्यात गेले ते रस्ते आमचे? माझं चार आठवडे सर्व्हिसिंग चाललंय भाऊजी. बिल पोटातल्याच्या नावावर फाटायला नको, एवढंच बघतेय मी."

तिने खडू टेबलावर ठेवला, अगदी कडेला न ठेवता, जिथून कोणालाही घेता येईल असा. एकोणीस माणसांनी खडूकडे पाहिलं. मग मुनी माझ्याकडे आला.

"मॅडम, ती तुमची नळी द्या."

त्यानंतरच्या चाळीस मिनिटांत मला अठरा नमुने मिळाले. खडूला कोणी हात लावला नाही.

एकोणिसावा किलोमीटर होता. तो सगळ्यांच्या नंतर आला, आणि नळी घेताना हळूच म्हणाला, "ताई, माझं काही निघायचं नाही. मी नुसत्या गोळीवर नाही राहिलो. सहा महिन्यांपासून इंजेक्शन घेतो. तिला दिवस गेल्यापासून. म्हटलं, आता आपण जास्त काळजी घ्यायला पाहिजे."

"कुठलं इंजेक्शन?"

त्याने उस्तादांकडे पाहिलं. उस्तादांनी कोपऱ्यातला थंड पेयांचा फ्रिज उघडला. बाटल्यांच्या मागे, बर्फाच्या डब्याशेजारी, नऊ छोट्या कुप्या होत्या. पाचांच्या रबरी बुचांना टोचलेलं दिसत होतं.

"पेटीत का नव्हत्या?"

"पेटीत इंजेक्शन ठेवायला परवानगी नाही," उस्ताद म्हणाले. "नियम म्हणजे नियम."

"देतं कोण?"

"मीच. ग्रीस गन धरणाऱ्या हाताला सुई काय जड? एका कुपीत तीन माणसं बसवतो. थोडं थोडं. आणि सुई उकळल्याशिवाय दुसऱ्याला नाही, ते तुम्ही कोणालाही विचारा."

मी एक कुपी उचलून लेबल वाचलं. सोमवारी डॉक्टरीणबाईंनी फोडलेल्या कुपीवर हेच नाव होतं. शिवणवाली माझ्या खांद्यावरून पाहत होती. तिला इंग्रजी वाचता येत नसेल, पण लेबलाचा रंग आणि पट्टी तिने सोमवारी नीट पाहिली होती. तिचं कामच ते होतं.

"हेच मला दिलंय ना?"

"हो."

"म्हणजे हे पण त्यांना सवयीचं झालं असेल."

"असेलही, नसेलही."

ती नवऱ्याकडे वळली. तो म्हणाला, "तुझ्यासाठीच घेत होतो गं."

"माहीत आहे," ती म्हणाली. "तुम्ही सगळे माझ्यासाठीच करता." मग गाठोडं सोडून तिने कव्हरं मोजून उस्तादांच्या ताब्यात दिली. बारा होती.

कुप्या मी जप्त केल्या. मला तसा अधिकार नव्हता, पण कोणी विचारलं नाही. पेटीतली एकशे एकवीस औषधंही पिशवीत भरली. पट्ट्या, कात्री, आयोडिन आणि अंगदुखीच्या गोळ्या ठेवल्या. निघताना कापलेल्या बोटाचा तो फिटर म्हणाला, "आता पेटीत काहीच उरलं नाही की हो."

पावणेचारला दवाखान्याच्या बाकावर तिघं बसली होती. सासूबाई, सून आणि, पहिल्यांदाच, किलोमीटर. सासूबाई मुलाच्या मांडीवर थोपटत होत्या. "घाबरू नको. तुला काही होणार नाही."

"आई, जे व्हायचंय ते ह्यांना नाही, बाळाला," सून म्हणाली.

सासूबाईंचा हात थांबला. मग तो तिथून उठला आणि काही वेळ कुठे ठेवावा ते न कळल्यासारखा त्यांच्या स्वतःच्याच गुडघ्यावर राहिला. "काय म्हणाली ती लॅबवाली, कितीला पास?"

"पस्तीस."

किलोमीटरने घड्याळ पाहिलं. वर्कशॉपपासून दवाखाना किती लांब आहे ते तो सांगू लागला, साडेतीन, नाही, तीन पूर्णांक सहा, आणि मधेच थांबला. "मी रजा टाकलीय," तो म्हणाला. "बाळ होईपर्यंत." बायकोने पर्समधून सुई काढली, त्याच्या शर्टाचं सुटलेलं बटण धरलं आणि ते शर्ट अंगात असतानाच शिवायला लागली. तो अजिबात हलला नाही.

चारला मी बरणीचं झाकण काढलं. आधी तुलनेचा नमुना वाचायचा असतो. ते जंतू ज्यांना कुठल्याच औषधाची सवय नाही असे, बाहेरून मागवलेले. त्यांची वलयं बरोबर आली, म्हणजे चकत्या चांगल्या होत्या आणि चाचणीवर विश्वास ठेवता येत होता. इंजेक्शनच्या चकतीभोवती चव्वेचाळीस.

मग तिची वाटी. ती काळ्या कागदावर उपडी ठेवली, दिवा तिरका केला. डॉक्टरीणबाई दारात येऊन उभ्या राहिल्या. त्यांच्या मागे ती उभी होती, हातात अजून सुई होती.

"वाच," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

पांढरी गोळी, सहा. पिवळी कॅप्सूल, सहा. गुलाबी गोळी, एकोणीस. हवे होते एकतीस.

चौथी चकती मी तीन वेगवेगळ्या दिशांनी मोजली आणि तिन्ही आकडे वहीत लिहिले. इंजेक्शन : छत्तीस, छत्तीस, छत्तीस मिलिमीटर.